कार्पेट बदलायला गेलो आणि फ्लोअरच हातात आला! (बोटीबद्दल तुमचे प्रश्न)

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून मोकळा झालो होतो की मासेमारीच्या छोट्या बोटीचं कार्पेट बदलणं म्हणजे एका सुट्टीच्या दिवसाचं काम. त्यावर इतकी पत्रं आली की आता कान पकडतो. कार्पेट एका दिवसात होतं हे खरंय पण ते उचलल्यावर खाली जे दिसतं ते एका दिवसात होत नाही, हे मी लिहायला पाहिजे होतं. तर यावेळी सगळी जागा याच विषयाला.

प्रश्न: काका, माझी १६ फुटी फायबरची बोट आहे, सेकंडहँड घेतली. कार्पेटला कुबट वास येतो आणि ड्रायव्हर सीटच्या मागे पाय ठेवला की जरा दबल्यासारखं होतं. जुनं कार्पेट चांगलं चिकटलंय त्यामुळे त्याच्यावरच नवीन टाकावं म्हणतोय. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार, आणि "जरा दबल्यासारखं" हे शब्द वाचूनच मला घाम फुटला कारण माझ्या बोटीचं पण असंच सुरू झालं होतं. मी पण दोन वर्षं "जरा"च म्हणत होतो. मग एक दिवस कार्पेटचा कोपरा उचलला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सहज टोचून बघितलं तर तो मुठीपर्यंत आत गेला, जोर न लावता. बाहेर काढला तर टोकाला काळपट ओला भुसा, चहाच्या चोथ्यासारखा. वरून कार्पेट एकदम ठणठणीत दिसत होतं.

गंमत अशी की कार्पेट स्वतः कुजत नाही. बोटीचं कार्पेट बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचं असतं, तो धागा पाणी पीत नाही. पण धाग्यांच्या मधे आणि खालच्या रबरी अस्तरात पाणी अडकून बसतं आणि ते अस्तर फ्लोअरच्या प्लायला चोवीस तास ओल्या फडक्यासारखं चिकटून राहतं. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली ठेवली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, त्याच्या बरीच वर गेली की तिची चंगळ. आणि अजून एक, लोक समुद्राच्या पाण्याला शिव्या घालतात पण लाकूड कुजवायला पावसाचं गोडं पाणी जास्त वाईट, मीठ उलट बुरशीला थोडं रोखतं. म्हणजे कव्हर न घालता उघड्यावर उभी असलेली बोट ही पाण्यात असलेल्या बोटीपेक्षा लवकर कुजू शकते.

त्यामुळे आधी कार्पेट काढाच. पण त्याच्याही आधी बॅटरीच्या वायरी सोडवा आणि पेट्रोलची टाकी बाहेर काढता येत असेल तर काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बिल्जमधे (बोटीच्या तळाच्या पोकळीत) जाऊन बसते आणि तुम्ही वरून गोंद सैल करायला हीटगन (गरम हवेची बंदूक) चालवणार, कळलं ना काय म्हणतोय ते. टाकी फिक्स असेल तर हीटगनचा नाद सोडा, हाताने खरवडा.

काढताना अख्खं कार्पेट एकदम ओढायला जाऊ नका, कंबर जाईल. कटरने वीतभर रुंदीच्या पट्ट्या पाडा, एक टोक पकडीत धरा आणि पकड गोल गोल फिरवत कार्पेट तिच्यावर गुंडाळत जा, नुसतं ओढण्यापेक्षा हे बरंच सोपं जातं. अस्तराचे तुकडे चिकटून राहतात ते पटाशीने किंवा रुंद खरवडणीने. अॅसिटोन वापरणार असाल तर हीटगन बंद करून बाजूला ठेवा, दोन्ही एकत्र अजिबात नको, अॅसिटोन थंडीत सुद्धा पेट घेतं.

मग सगळा फ्लोअर टिचकी मारत तपासा. हातोडीची मागची मूठ घ्या आणि ठोकत जा, चांगला प्लाय टणटण वाजतो, कुजलेला भद् वाजतो. जिथे स्क्रू आहेत, सीटचे पाय बसवलेत, हॅचच्या (फ्लोअरमधल्या झाकणाच्या कप्प्यांच्या) कडा आहेत तिथे आधी बघा कारण पाणी तिथूनच शिरतं. कुजलेली जागा सापडली की तिच्या कडेपासून वीतभर पुढपर्यंत कापा, अगदी दिसतं तेवढंच कापून ठिगळ लावलं तर वर्षभरात ठिगळाच्या बाजूला परत तेच.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. फायबरच्या बोटीत फ्लोअर म्हणजे नुसती फळी नसते, तो खालच्या स्ट्रिंगरना (बोटीच्या लांबीत जाणाऱ्या आधाराच्या पट्ट्यांना) धरून ठेवतो आणि हलचा (बोटीच्या बाहेरच्या कवचाचा) आकार टिकवतो. सगळा फ्लोअर एका दिवसात उपटला आणि बोट ट्रेलरवर दोनच ठिकाणी टेकलेली असली तर हल हळूच वाकतो, आणि मग तुम्ही त्याच वाकड्या आकारावर नवीन फ्लोअर बसवता आणि बोट कायमची वाकडी. म्हणून आधी खालून तीन चार ठिकाणी नीट टेकू द्या, लेव्हल लावून बघा आणि जमलं तर अर्धा अर्धा भाग करा. स्ट्रिंगरना पण टोचून बघा आणि मागे ट्रान्समला पण, जिथे इंजिन लटकतं. फ्लोअर कुजलाय म्हणजे बाकीचे ठीक असतील असं समजू नका, सगळ्यांनी तेच पाणी प्यायलंय.

जुने तुकडे फेकू नका हां! तेच तुमचे साचे. मार्करने नंबर टाका, पुढची बाजू कुठली ते बाणाने दाखवा, फोटो काढून ठेवा. तुकडा भुगा होऊन निघाला असेल तर जाड पुठ्ठ्याचा साचा बनवा, पुठ्ठा चुकला तर पुठ्ठाच जातो.

प्रश्न: माझी बोट अॅल्युमिनियमची आहे. सुतार म्हणतोय साधा प्लाय नको, औषध मारलेला ट्रीटेड प्लाय घ्या, वाळवी पण नाही लागणार आणि कुजणार पण नाही. मला पटलंय, फक्त तुमचं मत हवंय.

उत्तर: माझं मत एका शब्दात, नको. सुतार बिचारा घराच्या हिशोबाने बरोबर बोलतोय पण बोट घर नाही.

ट्रीटेड लाकडात जे औषध दाबून भरतात त्यात बऱ्याचदा तांब्याचे क्षार असतात. तांबं आणि अॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना लागले की बॅटरी तयार होते आणि त्या बॅटरीत खर्च होतं ते अॅल्युमिनियम. ओला प्लाय, त्यातून झिरपणारं तांबं, खाली अॅल्युमिनियमचा पत्रा आणि वर पाणी, अजून काय पाहिजे. माझ्या एका मित्राने हौसेने असाच फ्लोअर टाकला होता, दोन तीन सीझननंतर पाणी आत यायला लागलं म्हणून उचलला तर पत्र्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे आणि त्यात पांढरी पावडर. एक खड्डा त्याने नखाने खरवडला तर पलीकडचा उजेड दिसला. फ्लोअर मात्र खरंच कुजला नव्हता!

त्यामुळे साधा, औषध न मारलेला मरीन प्लाय घ्या आणि स्वतः सील करा. बरं, साधा प्लाय पण ओला राहून पत्र्याला घट्ट चिकटून बसला तर त्रास देतोच, हवा न मिळता ओल अडकली की अॅल्युमिनियम तिथे खाल्लं जातं. म्हणून प्लाय आणि रिबच्या (पत्र्याला आतून आधार देणाऱ्या बरगड्यांच्या) मधे पातळ रबराची किंवा प्लास्टिकची पट्टी ठेवा, पाण्याला खाली वाट ठेवा.

स्क्रूचं पण तसंच. स्टेनलेस अॅल्युमिनियममधे सरळ घुसवलं तर खाऱ्या पाण्यात भोकाच्या भोवती अॅल्युमिनियम फुगून पांढरं होतं आणि दोन वर्षांनी तो स्क्रू निघत नाही, मुंडी तुटते. स्टेनलेस वापराच, पण धाग्यांना गंजविरोधी पेस्ट लावून आणि खाली नायलॉनचा वॉशर घालून. नाहीतर अॅल्युमिनियमचे रिव्हेट. आणि पत्रा साफ करताना साध्या लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच डाग सुरू होतात, स्टेनलेसचा ब्रश घ्या.

प्रश्न: मरीन प्लाय घेतला, चांगला शिक्का बघून. आता दुकानदार म्हणतो मरीन आहे म्हणजे काही लावायची गरजच नाही. दुसरीकडे घरी फायबरचं पॉलिएस्टर रेझिन अर्धा डबा पडलंय ते लावू का?

उत्तर: हा गैरसमज इतका पसरलाय की काय सांगू. मरीन प्लाय म्हणजे न कुजणारा प्लाय नाही. मरीन म्हणजे आतला गोंद उकळत्या पाण्यात पण सुटत नाही, आणि आतल्या थरांत पोकळ्या नसतात. बीएस १०८८ हा जो ब्रिटिश मानकाचा शिक्का असतो तो याचीच हमी देतो. लाकूड मात्र लाकूडच आहे. ओकूमे नावाचं हलकं लाकूड जे चांगल्या मरीन प्लायमधे सर्रास असतं ते तर कुजण्याच्या बाबतीत चक्क नाजूक आहे. शिक्क्यावर विश्वास नसेल तर छोटा तुकडा कापून दोन तीन तास पाण्यात उकळा, थर सुटले तर दुकानदाराला नेऊन दाखवा.

सीलिंगला माझं मत इपॉक्सी. पॉलिएस्टर रेझिन लाकडाला तितकं धरत नाही, काही वर्षांनी पापुद्रा सुटतो आणि पापुद्र्याच्या आत पाणी गेलं की वरून सगळं छान दिसतं आणि आत कूज. कारखान्यातून निघालेल्या कितीतरी बोटी पॉलिएस्टरच्याच आहेत आणि वर्षानुवर्षं चालल्या हे मान्य आहे, पण तुम्ही एवढी मेहनत करताय तर अर्ध्या डब्याच्या मोहात पडू नका. आणि तो डबा किती जुना आहे?

इपॉक्सीत हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच. कुठे पाचास एक, कुठे तिनास एक, कुठे दोनास एक. "लवकर सुकावं म्हणून थोडा जास्त टाकतो" हे पॉलिएस्टरवाल्यांची सवय, इपॉक्सीत जास्त टाकलं तर ते कधीच नीट सुकत नाही, चिकट राहतं आणि मग ते सगळं खरवडून काढण्यात जो दिवस जातो तो मी एकदा घालवलाय. एका वेळी थोडंच कालवा, मोठ्या डब्यात ठेवलं तर ते आपलं आपण तापतं, धूर येतो, मी प्लास्टिकचा मग वितळलेला बघितलाय. कालवलं की लगेच पसरट ट्रेमधे ओता.

दोन तीन हात द्या, आणि खालच्या बाजूला पण, जी कुणाला दिसणार नाही. कडांना जास्त, कारण कापलेल्या कडा म्हणजे लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडं, तिथून पाणी शोषलं जातं. पहिला हात कडा पिऊन टाकतात, परत द्या. दोन हातांच्या मधे कधी कधी वर मेणासारखा चिकट थर येतो तो पाण्याने आणि घासणीने धुऊन काढा, नुसतं सँडपेपर मारलं तर तो पसरतो.

आणि स्क्रूची भोकं! इथेच सगळे चुकतात. अख्खा प्लाय सील करायचा आणि मग त्यात कोरडे ड्रिल मारून पन्नास नवी तोंडं उघडायची. त्यापेक्षा भोक आधी मोठं पाडा, घट्ट इपॉक्सीने पुट्टीसारखं भरा, सुकलं की त्याच्या मधोमध स्क्रूचं बारीक भोक. मग स्क्रू लाकडाला लागतच नाही. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून करा.

प्रश्न: फ्लोअर काढला तर खाली पिवळा फोम निघाला. हाताने दाबला की पाणी येतं. हा काढून टाकला तर बोट हलकी होईल, मग परत कशाला भरायचा?

उत्तर: तो फोम बोट हलकी करायला नाही, बोट बुडू नये म्हणून आहे. हिशोब बघा. हा फोम साधारण ३२ किलो प्रति घनमीटर वजनाचा असतो, म्हणजे १०० लिटर जागेत जेमतेम ३ किलो. ती जागा पाण्याखाली गेली की १०० किलो पाणी बाजूला सारते, म्हणजे ९६-९७ किलोचा उचल. बोटीत पाणी भरलं तरी ती पृष्ठभागावर तरंगत राहते आणि तुम्ही तिला धरून राहू शकता, हे त्याचं काम. फोम काढून नुसती पोकळ जागा ठेवलीत तर रोजच्या वापरात काही फरक कळणार नाही. कळेल तो एकाच दिवशी, आणि त्या दिवशी उशीर झालेला असेल.

पण ओला झालेला फोम परत घालायचा नाही. हा फोम बंद पेशींचा असतो, नवीन असताना पाणी घेत नाही, पण वर्षानुवर्षं पाण्यात बसून राहिला की हळूहळू पितो आणि मग सोडत नाही. त्याच १०० लिटरच्या जागेत अर्धं पाणी भरलं तर ५० किलो नुसतं ओझं वाहताय, इंजिन ओरडतं आणि आपण म्हणतो प्लग खराब झाले. उन्हात ठेवून सुकेल असं वाटतं, वरून सुकतो, आतून नाही. वीतभर आत सुरी घालून बघा.

काढायचा तो लांब पात्याच्या करवतीने आणि फावड्याने. हीटगन किंवा आग लावून नाही! हा फोम पॉलियुरेथेनचा असतो, ते जळालं की सायनाइडचा वायू निघतो.

जितका काढला तितका परत भरा. ओतायचा दोन डब्यांचा फोम वापरत असाल तर तो पंचवीस तीस पट फुगतो, तेव्हा एकदम ओतू नका, थोडा थोडा ओता आणि फुगलेल्याला बाहेर यायला भोकं ठेवा, नाहीतर तो नवीन फ्लोअर उचलून धरतो. तोंडाला चांगला मास्क, हातमोजे, मोकळी हवा. दुसरा पर्याय म्हणजे फोमचे तयार ठोकळे कापून बसवणं, मला हे जास्त आवडतं कारण पुढच्या वेळी ते उचलता येतात. फक्त पांढरा थर्माकोल नको, पेट्रोल सांडलं की तो विरघळतो, पॉलिएस्टर रेझिन लागलं तरी विरघळतो.

सगळ्यात महत्त्वाचं, हलच्या अगदी तळाशी पाण्याला मागे वाहायला वाट मोकळी ठेवा. मी अर्धा पाइप कापून उपडा ठेवला आणि त्याच्यावर फोम बसवला. जुन्या बोटीत ती वाट फोमने बुजलेली होती, पाणी पुढेच साचायचं, म्हणून तर सगळं रामायण झालं. फ्लोअर उघडा आहे तोवर पेट्रोलचा जुना पाइप बदला, वायरींचा पाइप टाका आणि त्यात एक जास्तीची दोरी सोडून ठेवा, उद्या नवीन वायर ओढायला लागली तर आठवण काढाल.

प्रश्न: वडिलांची बोट आहे, त्यांचं वय झालंय, गुडघे दुखतात, पण अजून दर रविवारी गळ घेऊन निघतातच. त्यांना न सांगता फ्लोअर करून द्यायचाय. कार्पेट, व्हिनाइल, तो चिकटवायचा ईव्हीए फोम की नुसता खरखरीत पेंट? सगळे वेगवेगळं सांगतात.

उत्तर: ताई, आधी एक, न सांगता करू नका. त्यांच्या डब्यांच्या, गळांच्या, दोऱ्यांच्या जागा वर्षांच्या सवयीने ठरलेल्या असतात. सरप्राइज म्हणून केलंत आणि हॅच चार इंच सरकला तर तोंडावर छान म्हणतील आणि मनात चरफडतील.

आता निवड. कार्पेट पायाला मऊ, उन्हात तापत नाही, डबा आपटला तरी आवाज नाही आणि मासे बिचकत नाहीत. पण रक्त, खवले, आमिष सगळं त्यात मुरतं आणि तिहेरी गळ त्यात अडकला की काढताना धागा येतो, विशेषतः वेटोळ्यांचं कार्पेट असेल तर, कापलेल्या धाग्यांचं बरं. व्हिनाइल पाइपने धुतलं की झालं, पण गडद रंग भर उन्हात अनवाणी पायाला चटका देतो आणि गुळगुळीत असेल तर ओलं झाल्यावर घसरतं, विणलेलं व्हिनाइल त्यात उजवं. ईव्हीए गुडघ्यांना सगळ्यात सुखाचं, पाणी पीत नाही, पण काटे आणि गळ त्यात भोकं पाडतात आणि उन्हात फुगतं आकसतं म्हणून कडेला बोटभर नाही तरी थोडी फट ठेवावी लागते. पेंट सगळ्यात टिकाऊ नाही पण दुरुस्तीला सगळ्यात सोपा, खरवडलं की परत लावा, मात्र त्याच्यावर गुडघे टेकून बसणं म्हणजे शिक्षा.

मी असतो तर मधला ओला भाग, जिथे मासा आत येतो आणि पाणी सांडतं, तिथे हलक्या रंगाचं विणलेलं व्हिनाइल आणि पुढे जिथे ते उभे राहून गळ टाकतात तिथे ईव्हीए. सगळीकडे एकच गोष्ट असली पाहिजे असं कुठे लिहिलंय. रबरी चटया टाकायच्या असतील तर त्या उचलून वाळवायच्या, नाहीतर चटईखाली परत तेच ओलं फडकं.

प्रश्न: तुमचं वाचून कार्पेट स्वतः लावलं. मस्त बसलं पण आता एकही हॅचचं झाकण बंद होत नाही!! आणि बिजागरीचं भोक पाडताना कार्पेटचा धागा असा सुटला की बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ पडली. रडायचं बाकी आहे.

उत्तर: रडू नका, माझी पण पहिल्या वेळी तीन झाकणं अडकली होती.

झाकणाचा हिशोब असा. झाकणाच्या डाव्या कडेला कार्पेट गुंडाळलं, उजव्या कडेला गुंडाळलं, आणि ज्या चौकटीत ते बसतं तिच्या पण दोन्ही कडांना कार्पेट. म्हणजे एका रुंदीत चार थर. दाबून ४ मिमीचा एक धरला तरी १६ मिमी झाले, वर झाकण सुटसुटीत निघायला २-३ मिमी. म्हणजे झाकण चौकटीपेक्षा जवळजवळ २ सेंटीमीटर लहान पाहिजे. जुन्या झाकणाच्या मापाने कापलं की फसतं कारण जुनं कार्पेट वर्षानुवर्षं दबून कागदासारखं झालेलं असतं. आता उपाय दोन, एक तर झाकणाचं कार्पेट सोलून कडा रंधून परत सील करा, किंवा चौकटीच्या कडेचं कार्पेट कापून टाका आणि ती कड नुसती इपॉक्सीची ठेवा. दुसरं सोपं आहे आणि खरं सांगायचं तर मला ते दिसायला पण आवडतं. कोपऱ्यात घडी जाड होत असेल तर वहीला कव्हर घालताना कोपरा तिरका कापतो तसा कापा.

धाग्याचं काय झालं तर ड्रिलच्या बिटने तो पकडला आणि चाकावर सूत गुंडाळावं तसा ओढला. कार्पेटमधून सरळ ड्रिल कधीच मारायचं नाही. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने आधी कार्पेटला भोक पाडायचं, पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे भोकाची कड आपोआप जमून बसते आणि मग बिट आत घालायचा. पडलेल्या रेघेला आता एकच उपाय, तेवढी पट्टी बदलणं. नवीन पट्टी जुन्यावर दोन बोटं चढवून ठेवा, फूटपट्टी लावून दोन्ही थर एकाच वेळी कटरने कापा आणि मधले तुकडे काढा, जोड शोधून सापडत नाही. पण धाग्यांची लव एकाच दिशेला ठेवा, उलटी लावली तर रंग वेगळा दिसतो आणि तो तुम्हाला रोज दिसणार.

ज्यांचं अजून लावायचंय त्यांच्यासाठी पटकन, कार्पेट आदल्या दिवशी उन्हात पसरून ठेवा म्हणजे गुंडाळीचे बाक जातात. चारी बाजूंनी पाच सात सेंटीमीटर जास्त कापा. जागेवर ठेवून अर्धं मागे दुमडा, त्या अर्ध्यात दातेरी थापीने गोंद पसरा, कार्पेट परत टाका, मग दुसरं अर्धं. मधून कडेकडे जड रोलर फिरवा. ओढून ताणू नका, ताणलेलं कार्पेट नंतर कोपऱ्यातून सुटतं. इपॉक्सी केलेल्या प्लायवर पाण्याचा गोंद हळू सुकतो कारण खाली शोषायला काही नाही, म्हणून आधी ८० नंबरचा सँडपेपर मारून खरखरीत करा, गोंद जरा चिकट होऊ द्या आणि मग टाका. एक दिवस पाय नाही, दोन तीन दिवस पाणी नाही.

दोन ओळींचे प्रश्न, दोन ओळींची उत्तरं

साधे स्टेपल चालतील का? गंजून कार्पेटवर तांबडे ठिपके पडतील. ३१६ स्टेनलेसचे घ्या. मोनेल धातूचे पण चांगले असतात पण त्यात तांबं आहे, अॅल्युमिनियमच्या बोटीत नकोत.

प्लाय १२ मिमी की १८? आधी जो होता तितकाच, स्ट्रिंगरमधलं अंतर त्यालाच धरून केलेलं असतं. १२ मिमीचा प्लाय चौरस मीटरला ६ ते ८ किलो भरतो, १८ चा त्याच्या दीडपट, तेवढं वजन कायमचं बोटीत. वरच्या थरातल्या लाकडाच्या रेषा स्ट्रिंगरला आडव्या येतील असा ठेवा.

फायबर घासल्यावर अंगाला खाज सुटते. पूर्ण बाह्या, चष्मा, धुळीचा चांगला मास्क, आणि काम झालं की आधी गार पाण्याने धुवा, चोळू नका. ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, घरच्यांशी भांडण होईल.

इपॉक्सीबरोबर साधी चॉप्ड मॅट (फायबरच्या कापलेल्या धाग्यांची चटई) वापरली तर? बऱ्याच मॅटमधला बांधणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमधे विरघळतो, इपॉक्सीत नाही, मग मॅट ताठ राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या.

सगळं झालं. आता कार्पेट किती वर्षं टिकेल? बोट नाक वर करून उभी करता का? तळाचा प्लग काढून ठेवता का? कव्हर घालण्याआधी हॅच उघडे टाकून वाळवता का? तिन्हीला हो असेल तर मला बऱ्याच वर्षांनी पत्र लिहा. नाही असेल तर स्क्रूड्रायव्हर जवळ ठेवा.